चौदा दारांची रुंदी

दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला पटकन सोसत नाही, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजात माझ्यापेक्षा सरळ रेघ मारणाऱ्या मुलीशी मी वर्षभर धड बोलले नव्हते. शेजारणीच्या करंज्या तळणात फुटल्या की मला तिच्याबद्दल एकदम माया वाटू लागते. नवऱ्याला हे सगळं ठाऊक आहे आणि तो त्यावर हसतो, कारण त्याच्यावर आजवर कोणाचा हेवा करायची पाळीच आलेली नाही. याबद्दल मला त्याचाही हेवा वाटतो.

नवरा राबिघच्या रिफायनरीत इंजिनियर. मी पुण्याची आर्किटेक्ट, म्हणजे लग्नाआधी दोन वर्षं होते. इथे आले ती त्याच्यामागे. इथे राहायचा परवाना म्हणजे इकामा. त्याच्या इकाम्यावर ‘मुहंदिस’ लिहिलेलं, इंजिनियर. माझ्यावर ‘मुराफिक’, म्हणजे सोबत आलेली. अकरा वर्षं मी सोबत आलेली होते. बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर, जिथे तिथे कार्ड पुढे केलं की समोरचा माणूस ते वाचायचा आणि पुढचं बोलणं नवऱ्याशी करायचा. मी शेजारी उभी राहून खिडकीबाहेर बघायचे. डिग्रीचा कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात तळाशी ठेवला होता. दर दिवाळीला कपाट आवरताना तो वर यायचा आणि परत खाली जायचा.

मग सोबत आलेल्या बायकांनाही नोकरी करता येऊ लागली. गाडी मी आधीच शिकले होते. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटं सल्लागार ऑफिस होतं, तिथे मी अर्ज टाकला. ऑफिसचा मालक म्हणजे मुदीर. पन्नाशीचा, अंगाने चांगलाच भरलेला, पायघोळ शुभ्र तोब घालणारा, अमेरिकेत शिकून आलेला सौदी माणूस. त्याने माझा डिग्रीचा कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाला, “सहा महिने बघू. नकाशे कोडप्रमाणे तपासणारी एकच जागा आहे. जमलं तर जागा तुमची, आणि इकामा ऑफिसच्या नावावर. मुहंदिसा.”

मुहंदिसा. गाडीत बसून मी हा शब्द तीन-चारदा मोठ्याने म्हणून बघितला. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “अरे वा, मग कुकरचं काय?” मी त्या दिवशी कुकर लावलाच नाही.

ऑफिसकडे तेव्हा कर्मचाऱ्यांच्या एका वसाहतीचं काम होतं. म्हातारे आईवडील सोबत राहतात अशा कुटुंबांसाठी तळमजल्याची बैठी घरं. व्हीलचेअर सगळीकडे फिरली पाहिजे, ही मुख्य अट. नकाशे काढायला चार जण होते. एक मल्याळी, दोन पाकिस्तानी, एक फिलिपिनो. चौघांची कामं चोख, पण एकाच शब्दाचा प्रत्येक जण वेगळा अर्थ लावायचा. एकाची ‘खोलीची उंची’ स्लॅबपर्यंत, दुसऱ्याची खोट्या छतापर्यंत. मुदीर वैतागला होता. त्याने मला पहिलंच काम दिलं ते शब्दांचं. कोडमधले शब्द घ्या, त्यांचा अरबी शब्द लिहा, सोप्या इंग्रजीत अर्थ लिहा, शेजारी छोटं चित्र काढा. ही यादी भिंतीवर लागेल आणि सगळ्यांनी तीच पाळायची.

बांधकामाच्या कोडच्या पुस्तकात सुरुवातीलाच शब्दांचं एक प्रकरण असतं. कॉलेजात आम्ही ते उलटून पुढे जायचो. पायरी म्हणजे काय आणि कठडा म्हणजे काय, हे काय वाचायचं? इथे मी ते पहिल्यांदा नीट वाचलं आणि त्याच्या प्रेमातच पडले. राहण्याची खोली म्हणजे काय, यावर किती काथ्याकूट. झोपायची, बसायची, जेवायची खोली त्यात धरायची. न्हाणीघर, बोळ, कोठी धरायची नाही. अकरा वर्षांत माझा निम्मा वेळ ज्या जागांत गेला त्या कोडच्या हिशेबात राहण्याच्या नव्हत्याच. जोतं कुठून मोजायचं, जिन्यातला सपाट थांबा किती लांब हवा, पोटमाळा कधी मजला ठरतो आणि कधी नाही. मी रोज सकाळी टेबलावर पेन्सिलींना टोक करायचे आणि चित्रं काढायचे. हात आखडला होता, पण महिनाभरात सुटला. मुदीर मागून येऊन बघायचा आणि ‘गुड’ म्हणून जायचा. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

तिसऱ्या महिन्यात तो आला.

तो म्हणजे रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातला कोकणी मुसलमान, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मामाच्या हाताखाली फरशीच्या कामाला म्हणून या देशात आलेला, तिथून सुपरवायझरच्या टेबलाशी, तिथून नकाशांवर. अठरा वर्षं मक्केत हॉटेलं बांधण्यात गेली. तिथलं काम खलास झालं होतं आणि दोन महिन्यांत दुसरीकडे इकामा लागला नाही तर गावी परत, अशी त्याची गत. मुदीरच्या कोणा ओळखीच्याने त्याला पाठवलं होतं. मुदीर मला म्हणाला, “यालाही तपासणीवर बसवून बघतो. जागा एकच आहे, हे दोघांना ठाऊक असलेलं बरं.”

मराठी बोलणारं माणूस ऑफिसात आलं याचा आनंद मला साधारण दहा मिनिटं झाला.

“तुमी पुण्याच्या काय?” त्याने विचारलं. “मग बरं झालं. हिंदी बोलून बोलून जीभ सुकली माझी.” मग तो वळला आणि मुदीरशी अरबीत बोलू लागला, आणि मुदीर हसला. तीन महिन्यांत मी मुदीरला हसताना पाहिलं नव्हतं. मी त्याच्याशी इंग्रजीतच बोलायचे, आणि इंग्रजीत तो फक्त ‘गुड’ म्हणायचा. तिथपासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे कित्येक आठवडे थांबलं नाही.

त्याचं सगळंच मला खुपायचं. चौघे नकाशेवाले माझी यादी समोर असूनही शब्द त्याला विचारायचे. तो उठायचा, दाराशी जायचा, हाताने दाखवायचा. “हे बघ, इथून इथपर्यंत.” झालं, त्यांना कळलं. मी ज्या अर्थासाठी चार ओळी झिजवल्या होत्या तो त्याने एका हातवाऱ्यात संपवलेला असायचा. त्याला इंग्रजी स्पेलिंग धड येत नसे. लँडिंगमध्ये एक अक्षर कमी, सीलिंगमध्ये एक जास्त. मला त्याचा दिलासा वाटायचा. पण त्याने नकाशावर बोट ठेवलं की चूक तिथेच असायची.

यादीचा कच्चा मसुदा मी त्याला वाचायला द्यावा, असं मुदीरने सांगितलं. मी दिला. दुसऱ्या दिवशी मसुदा परत आला तेव्हा एका पानाच्या कडेला बारीक पेन्सिलीने, देवनागरीत, नीटस अक्षरात लिहिलं होतं. गच्चीच्या कठड्यासाठी मी शब्दकोशातून शोधून एक लांबलचक अरबी शब्द घातला होता. त्यापुढे त्याने लिहिलं होतं, “शब्द बरोबर आहे, पण साइटवर कोणी म्हणत नाही. सगळे ‘दरवा’ म्हणतात. तोच लिहावा.”

मी मल्याळ्याला विचारलं, पाकिस्तान्याला विचारलं. दरवाच. मी शब्द बदलला आणि पेन्सिलीची ओळ खोडून टाकली, म्हणजे मुदीरला दिसायला नको.

मग दुसरी ओळ आली. जिन्याच्या पानावर. “पायरीची उंची फरशी बसल्यावर मोजावी, असे लिहा. नाहीतर खालची फरशी बसली की पहिली पायरी बुटकी होते आणि माणूस अडखळतो.” हे मला सुचायला हवं होतं. पुण्यात मी दोन वर्षं नोकरी केली ती टेबलावर. जिना बांधताना बघायला कोण गेलं होतं? पुन्हा तेच केलं. ओळ यादीत घेतली, पेन्सिल खोडली. घरी जाऊन नवऱ्यावर डाफरले.

“अगं, तो मदत करतोय ना तुला,” नवरा म्हणाला.

“मदत कोणी मागितली? आणि जागा एक आहे. एक.”

मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली, “ममा, यू आर सो जेलस.” मी तिला म्हटलं, मराठीत बोल. मराठीत काही तिने ते परत म्हटलं नाही, ते एक बरं झालं.

त्यानंतर एके दिवशी वसाहतीच्या मालक कंपनीचे दोघे जण ऑफिसात आले. हा दिवस नीट सांगायला हवा. मुदीरने माझी ओळख करून दिली, “ही आमची आर्किटेक्ट.” मी उठून उभी राहिले, कार्ड दिलं. आणि पुढचा अख्खा तास ते दोघे शेजारी बसलेल्या त्या रत्नागिरीच्या माणसाशी अरबीत बोलत बसले. मक्केतल्या कुठल्याशा हॉटेलच्या जिन्यांवरून हशा चालला होता. अरबी कॉफी म्हणजे गहवा आला, खजूर फिरले. मी यादीची फाइल मांडीवर घेऊन बसले होते, कोणीतरी आता विचारेल, मग विचारेल म्हणून. कोणी विचारलं नाही. परत जाताना एकाने मला मान लववून नमस्कारासारखं केलं, तेवढंच. गाडीत बसल्यावर मी स्टिअरिंगवर हात आपटला तर हॉर्न वाजला, आणि बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, पाव घेऊन निघालेला एक म्हातारा दचकला.

दुसऱ्या दिवशी दारांचं पान त्याच्याकडून परत आलं. दारांचं पान म्हणजे माझ्या अभिमानाची जागा होती. व्हीलचेअर जायला दाराची मोकळी रुंदी किमान साडेएक्याऐंशी सेंटिमीटर हवी, असं कोड म्हणतं. मी यादीत लिहिलं होतं, ‘मोकळी रुंदी म्हणजे भिंतीत सोडलेल्या दाराच्या जागेची रुंदी,’ आणि नमुन्याच्या दोन्ही घरांना पंच्याऐंशीची दारं तपासून सही केली होती. साडेतीन सेंटिमीटर वरून दिलं, म्हणून स्वतःवर खूश होते. पुण्याकडे आम्ही दार असंच सांगतो. तीन बाय सात म्हटलं की गवंडी तेवढी जागा भिंतीत सोडतो, सुतार त्यात चौकट बसवतो. दोन वर्षं मी हेच बोलले, हेच लिहिलं, कोणी कधी विचारलं नाही की बाई, चौकट कुठे धरली.

त्या ओळीपुढे त्याने पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता. “चौकट?”

बस. एक शब्द आणि प्रश्नचिन्ह. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाच वर्षं आर्किटेक्चर शिकलेल्या बाईला हा माणूस सांगतो की दाराला चौकट असते? आधीच्या दिवसाचा हशा कानात होताच. मी खोडरबर घेतलं आणि तो शब्द असा घासला की कागद पातळ झाला. मग यादी पक्की करून छापायला दिली. भिंतीवर लागली. चौघांनी तिच्याकडे बघितलं आणि कामाला लागले. त्यानेही बघितलं. दारांच्या ओळीशी जरा थांबला, पण बोलला काही नाही.

नमुन्याची दोन घरं वसाहतीत बांधून तयार झाली. मुदीरची एक रीत होती. नमुन्याचं घर तो वापरून बघायचा. नळ सोडायचा, दिवे लावायचा, कपाटाचे कप्पे ओढायचा, एकदा तर म्हणे मोरीत बसूनही बघितलं होतं. त्या दिवशी मालक कंपनीचे तेच दोघे, आम्ही दोघे, कंत्राटदार आणि मुदीर असे सगळे जमलो. मुदीरने गाडीच्या मागून आपल्या आईची व्हीलचेअर काढली, उघडली, तोब सावरला आणि स्वतः तीत बसला. सगळे हसले. उंबऱ्याशी चाक अडलं नाही, तेव्हा त्याने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. माझी छाती फुगली. मुख्य दार मोठंच होतं, दोन पल्ल्यांचं. तो दिवाणखान्यातून गेला, बोळात वळला, आणि झोपायच्या खोलीच्या दारात अडकला.

खुर्चीच्या दोन्ही चाकांवरचे हात चौकटीत. एका बाजूने उघडं दार, त्याची चार सेंटिमीटरची जाडी. मुदीरने जोर लावला, बोटांच्या पेरांची साल निघाली. पुढेही जाईना, मागेही येईना. कंत्राटदाराने मागून ओढलं तेव्हा सुटला. मी तिथल्या तिथे हिशेब केला. पंच्याऐंशी. दोन्ही बाजूंनी चौकट पाच-पाच. पंच्याहत्तर. उघड्या दाराची जाडी चार. एकाहत्तर. चौदा दारांपैकी मुख्य दारं सोडली तर बारा दारं, सगळी अशीच.

मी हिशेब परत केला, तरी एकाहत्तरच.

मुदीर खुर्चीतून उठला नाही. तिथे बसूनच पेरं चोखत इंग्रजीत म्हणाला, “हे कोणी तपासलं?”

मी तोंड उघडायच्या आत शेजारून आवाज आला. “चूक माझी, साहेब,” तो म्हणाला, अरबीत, पण एवढं अरबी मला येत होतं. “माझ्या लक्षात आलं होतं. माझ्याकडून राहिलं.”

आणि मुदीरने त्याच्याकडे असं बघितलं! रागाने नाही. त्या दोन पाहुण्यांनीही बघितलं. कसा माणूस आहे, चूक अंगावर घेतो, अशा नजरेने. तिथे माझा संयम संपला. कबूल करते, त्या क्षणी मला प्रामाणिकपणा वगैरे काही आठवला नाही. एकच विचार डोक्यात होता. अरबी याचं, साइट याची, मुदीरचं हसू याचं, आणि आता माझी चूकसुद्धा हाच घेऊन जाणार? तिच्यावरून शाबासकी मिळवणार?

“नाही,” मी म्हणाले, गरजेपेक्षा बरंच मोठ्याने. “यादी माझी आहे. सही माझी आहे. याने पेन्सिलीने लिहून दिलं होतं, मी ते खोडलं.”

कंत्राटदार छताकडे बघू लागला.

दुसऱ्या दिवशी मुदीरने मला खोलीत बोलावलं. आरडाओरडा नाही. “तुम्ही खरं सांगितलंत, ते मी विसरणार नाही,” तो म्हणाला. “पण त्याला ठाऊक होतं आणि तुम्हाला नव्हतं. जागा त्याला देतोय. महिनाअखेरपर्यंत तुम्ही आहात. तोवर त्या चौदा दारांची मापं घ्या, दोघांनी मिळून, आणि शब्दाचा अर्थ नव्याने लिहून द्या.”

मी ‘शुक्रन’ म्हणून बाहेर आले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मुहंदिसा म्हणायची जिभेला सवय झाली होती, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मापं घ्यायला आम्ही दुपारच्या नमाजानंतर गेलो. घरात वीज बंद, खिडक्या उघड्या, समुद्राकडचं दमट वारं आणि रिफायनरीचा वास. तो टेपचं एक टोक धरायचा, मी दुसरं. आकडा तो सांगायचा, मी लिहायचे. मुख्य दारांनाही टेप लावली, मुदीरने चौदा म्हटलं होतं म्हणून. पहिलं दार, दुसरं, तिसरं. मी एक अक्षर जास्तीचं बोलत नव्हते. त्याच्या टेपच्या टोकाचाही मला राग येत होता. दहा-बारा दारं अशीच गेली. दुसऱ्या घराच्या शेवटच्या दाराशी, न्हाणीघराच्या, त्याने टेप सोडली. ती सर्रकन माझ्याकडे आली.

“ताई,” तो म्हणाला. तोवर मॅडम म्हणायचा. “एक सांगायचंय. तुमी त्या दिवशी बोललात ते पुरं नाय.”

“काय पुरं नाही?”

“मी लिहून दिलं होतं बोललात तुमी. पण काय लिहिलं होतं? एक शब्द.” त्याने चौकटीवर हात ठेवला. “आधी दोन वेळा मी अख्खं लिहिलं की नाय? का, कसं, सगळं. मग ह्या वेळेला एकच शब्द का लिहिला?”

हा प्रश्न मला खरंच कधी पडला नव्हता.

“मुद्दाम,” तो म्हणाला. “आदल्या दिवशी ते दोघे आले होते ना. साहेबानं तुमची ओळख करून दिली, ही आमची आर्किटेक्ट. मी शेजारीच बसलेला. माझी काय ओळख नाय करून दिली. गहवा ओतायला मला सांगितलं. त्यांचं हॉटेल मी बांधलेलं हाय, ते मी आपण होऊन सांगितलं म्हणून ते बोलायला लागले. अठरा वर्षं असंच चाललंय. काम मी करायचं आणि कोणी विचारलं इंजिनियर कोण, की दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. तुमचा कागद साहेबाच्या फाइलीत पहिल्या पानावर हाय, मी बघितलंय. घरी जाऊन झोप नाय आली मला. मग सकाळी ते दारांचं पान समोर आलं, आणि मला चूक दिसली.”

“आणि?”

“आणि वाटलं, बघू तरी. डिग्रीवाल्यांना कळतंय काय.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “अगदीच नाय लिहिलं असतं तर मग हराम झालं असतं. म्हणून एक शब्द. बारीक. भिंतीवर यादी लागली तेव्हाही मला कळलं की खोडलंत. तेव्हाही बोललो नाय. बारा दारं फोडायची आता, चांगली बसलेली. ती माझ्यामुळं. साहेबाला बोललो ते खरंच होतं. माझ्याकडून राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं.”

वाचणाऱ्याला वाटेल की मला राग आला असेल. माझी जागा गेली होती, आणि समोरचा माणूस सांगत होता की त्याला एक वाक्य लिहिता आलं असतं. राग यायला हवा होता. पण खरं सांगते, त्या राबिघच्या दमट घरात, न्हाणीघराच्या दारात, गेल्या अकरा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं मला बरं वाटलं. माझा कोणाला हेवा वाटत होता! झोप येऊ नये इतका! मी त्याला परत विचारलं, “खरंच झोप नाही आली?”

“अल्ला कसम, नाय आली.”

मला हसू आलं. तो बावरला, मग तोही हसला, आणि मग आम्ही दोघे त्या फोडायच्या दाराच्या दोन बाजूंना पाय पसरून बसलो आणि बाटलीतलं कोमट पाणी प्यायलो. मी त्याला त्याच्या स्पेलिंगबद्दल मला किती बरं वाटायचं ते सांगितलं. त्याने मुदीरच्या ‘गुड’बद्दल विचारलं. मला कधी ‘गुड’ नाय म्हणाला, असं म्हणाला. तीही गोष्ट मी गाठीशी बांधून ठेवली.

मुदीरकडे जाऊन सांगू का, असं त्याने विचारलं. मी विचार केला. एकदा वाटलं, सांगू दे. मग आठवलं की सांगितलं तरी त्याला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, हे काही बदलत नाही. आणि त्याचा इकामा पुढच्या आठवड्यात संपत होता. “नको,” मी म्हणाले. “पण तुम्ही मला काहीतरी द्याल. शब्दाचा अर्थ लिहायचाय. पूर्ण सांगा या वेळी.”

त्याने पूर्ण सांगितलं. मी लिहिलं: मोकळी रुंदी म्हणजे चौकट, उघड्या दाराची जाडी आणि मध्ये येणारा कोणताही अटकाव वजा जाता माणसाला आरपार जायला उरलेली जागा. तीच ओळ आता त्या ऑफिसच्या भिंतीवर आहे. यादी तयार करणाऱ्याचं नाव खाली लिहायची त्या ऑफिसात पद्धत नाही.

मी परत मुराफिक झाले. कागद पिशवीत गेला, पण या वेळी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला आणि आणखी तीन ऑफिसांना त्याच्या प्रती धाडल्या. एका ठिकाणाहून बोलावणं आलं आहे. मुलाखतीत दाराची रुंदी विचारतील तर बरं, असं वाटतं.

तो अधूनमधून फोन करतो. त्याची मुलगी गावी बारावीला आहे आणि तिला आर्किटेक्चरला जायचं आहे. प्रवेश परीक्षेसाठी ती चित्रं काढते, तो ती मला पाठवतो. “ताई, तुमी बघा. मला साइट कळते, चित्रातलं नाय कळत.” मी बघते. छापून घेते आणि चुका दाखवते. लाल पेनाने, मोठ्या अक्षरात, कारणासकट, आणि फोटो काढून परत पाठवते. जिना आहे पण थांबा नाही. खिडकीचा कठडा जमिनीपासून किती वर, ते कळत नाही. माणूस दारापेक्षा उंच झालाय.

गेल्या आठवड्यात तिने त्यांच्या घराच्या पुढच्या दाराचं चित्र पाठवलं. चौकटीची जाडी, उघड्या पल्ल्याची जाडी, उंबऱ्यावर पडलेली सावली, सगळं हातानेच, पट्टी न लावता. मी ते बराच वेळ बघत बसले. तिचा हात चांगला आहे. त्या वयात माझा होता त्यापेक्षा खूपच चांगला. सावलीच्या एका कोपऱ्यावर लाल गोल करून मी ते परत धाडलं. हात चांगला आहे, हे मात्र तिला किंवा तिच्या वडिलांना मी अजून सांगितलेलं नाही.